कुणी उघडत नाही म्हणून : भंडाऱ्याच्या कागदांची स्थलांतरं

मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण गृहस्थ भेटायला आले. एका कार्यालयात ते संगणक विभाग सांभाळतात. म्हणाले, "सर, आमच्या ईमेलचा जुना सर्व्हर बंद करून सगळं नव्या ठिकाणी न्यायचंय. ज्याचा त्याचा मेलबॉक्स न्यायचा, याबद्दल वाद नाही. पण सामायिक फोल्डर आहेत आठशेच्या वर. त्यातले निम्मे दोन वर्षांत कुणी उघडलेलेच नाहीत. ते सोडून द्यायचं वर ठरलंय. तत्त्वज्ञानात यावर काही आहे का?"

त्यांनी हसत विचारलं होतं. मला मात्र हसू आलं नाही. अशाच एका यादीवर माझी सही आहे. ती गोष्ट सांगणारच आहे, पण आधी थोडा इतिहास बघू. हा प्रश्न ईमेलच्या पोटातून जन्मलेला नाही, फार जुना आहे, आणि आपल्या जिल्ह्याशी त्याचा अगदी जवळचा संबंध आहे.

ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज नावाचा मेल सर्व्हर १९९६ साली बाजारात आला. त्यात सुरुवातीपासून 'पब्लिक फोल्डर' ही सोय होती. एका माणसाची नव्हे, सगळ्या कार्यालयाची म्हणून एक जागा. परिपत्रकं, तक्रारी, बैठकांची इतिवृत्तं, कुणी कुणी पाठवलेले नकाशे असं सगळं त्यात टाकायचं. पुढे कंपनीलाच ही सोय नकोशी झाली. पण लोक सोडेनात, तेव्हा २०१३ च्या आवृत्तीत तिला नव्या रूपात परत जागा द्यावी लागली. आता मोठमोठी कार्यालयं आपले सर्व्हर मोडून मेल दुसऱ्यांच्या यंत्रांवर नेतात. केंद्र सरकारच्या लाखो कर्मचाऱ्यांचा ईमेल झोहोच्या यंत्रणेवर नेल्याच्या बातम्या २०२५ साली आपण वाचल्या. अशा प्रत्येक स्थलांतरात कुणीतरी एक यादी काढतो. फोल्डरचं नाव, आत किती वस्तू, आकार किती, शेवटचा वापर कधी, मालक कोण.

या शेवटच्या रकान्याकडे लक्ष द्या. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं काढून टाकलं असेल, तर मालकाच्या जागी नावाऐवजी एक लांबलचक आकडा दिसतो. माणूस गेला, आकडा उरला. मग सगळ्यांना एक मेल जातो, 'पंधरा दिवसांत हरकत कळवा'. कुणी कळवत नाही. फोल्डर जातो.

आता जुन्या काळात येऊ. पेशव्यांच्या हुजूर दप्तराचे दोन मोठे विभाग होते. एक 'चालते दप्तर', फडणिसाच्या थेट हाताखालचं, रोजच्या कामाचं. दुसरं 'एल बेरीज', ते पुण्यातच असे, आणि तिथे सगळ्या हिशेबांचं वर्गीकरण, गोषवारे, खतावण्या होत. कागद कापडात बांधून ठेवत, त्या बांधणीला म्हणायचे रुमाल. आजच्या भाषेत फोल्डरच. चालतं काय आणि ठेवणीतलं काय हा फरक त्या कारकुनांना पक्का ठाऊक होता, पण ठेवणीतलं म्हणजे टाकाऊ, असं ते मानत नव्हते.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मात्र या दप्तराची आबाळ झाली. माणसं कमी केली, कुणीही यावं आणि कागद बघावेत अशी मोकळीक झाली, आणि बरेच कागद बाहेर गेले. १८१८ नंतर इंग्रजांच्या हाती जे आलं, ते या गळतीनंतरचं. तरीही ते एवढं होतं की त्यातून गो. स. सरदेसायांनी १९३० पासून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. आणि दप्तराबाहेर, लोकांच्या माळ्यावर, पेट्यांत जे पडलं होतं, त्यामागे राजवाडे गावोगाव पायपीट करत हिंडले. त्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ चा, एकूण खंड २२. यांतले बरेचसे कागद वर्षानुवर्षं 'कुणी न उघडलेले' होते.

पण नुसतं राजवाड्यांचं नाव घेऊन भावुक व्हायला नको. जपलेला कागद नेहमी गरिबाच्याच कामी येतो असं नाही. १८५२ साली इंग्रजांनी इनाम कमिशन नेमलं आणि त्यात याच पेशवे दप्तराचा आधार घेऊन लोकांची इनामं तपासली. कित्येकांची काढूनही घेतली. ज्यांची गेली त्यांना ते दप्तर जळून गेलं असतं तर बरं, असंच वाटलं असेल! तेव्हा सगळंच ठेवा, असं म्हणायला मी उभा नाही. विद्यार्थ्यांची वैद्यकीय प्रमाणपत्रं, कुणाकुणाच्या खाजगी तक्रारी हे सामायिक फोल्डरमध्ये पडून राहू नयेच. माझा मुद्दा वेगळा आहे. 'वापरात नाही' हे एक विधान आहे, 'उपयोगाचं नाही' हे दुसरं, आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारताना आपण नेमकं काय गृहीत धरतो?

त्यासाठी आपल्या भंडाऱ्याकडे येतो. आपल्या गावाचं नाव ज्यात आहे असा जुना लेख कुठे आहे माहीत आहे? 'भाणारा' हा उल्लेख इ. स. ११०० च्या सुमाराच्या शिलालेखात आहे आणि तो शिलालेख आहे रतनपूरचा, म्हणजे आजच्या छत्तीसगडातला. आपला कागद आपल्याच घरात असतो असं नाही, एवढंच यावरून ध्यानात ठेवा, कारण शेवटी ते कामी येईल.

तर आपल्या जिल्ह्याच्या कागदांनी किती वेळा सर्व्हर बदलला ते मोजू. भोसल्यांचं राज्य १८५४ साली खालसा झालं, कागद इंग्रजांकडे. १८६१ साली मध्य प्रांत झाला. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. आणि १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला. या प्रत्येक वेळी कुणीतरी कारकून बसला असेल, हे न्यायचं, हे ठेवायचं, हे कुणाचं ते कळत नाही असं करत. जिल्हा तुटताना तालुक्यातालुक्यांचे कागद वाटणं तुलनेनं सोपं. अवघड ते, जे सगळ्यांचं असतं.

सगळ्यांचं म्हणजे काय? निस्तार. हा शब्द पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना सांगावा लागतो, इथे नको. गावच्या जंगलातून जळण, गुरांची चराई, घरासाठी माती-मुरूम, तलावाचं पाणी, मासळी या नित्याच्या गरजा भागवण्याचा गावाचा हक्क. इंग्रजांनी इथे मालगुजारी बसवली, बंदोबस्त केला, तेव्हा गावोगावच्या या रिवाजांची नोंद लिहून ठेवली. तिचं नाव वाजिब-उल-अर्ज. नाव फारसी-अरबी, आत मात्र आपल्याच गावची वहिवाट. कुठल्या तलावाचं पाणी आधी कुणाच्या बांधीत जायचं, पाळ फुटली तर दुरुस्तीला कोण येणार, मासे कोण धरणार, सगळं.

आणि तलाव म्हणजे या जिल्ह्याचा जीव. कोहळी लोकांनी बांधलेले तलाव, बोड्या. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव साडेसहा हजारांच्या वर आहेत असं सरकारी आकडे सांगतात. आपण लाडानं त्यांना 'मामा तलाव' म्हणतो. नवख्या अधिकाऱ्याला वाटतं, कुणा मामांनी बांधले असतील! १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले, पुढे बरेचसे जिल्हा परिषदेकडे. तलावाची मालकी गेली मालगुजाराकडून सरकारकडे. पण गावाचा निस्तार? तो कागदावर राहिला, त्या वाजिब-उल-अर्जात.

इथे एक गोष्ट मला मोठी वाटते. विदर्भ महाराष्ट्रात आल्यावर साऱ्या राज्याला एकच कायदा करायचं ठरलं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६. पश्चिम महाराष्ट्रात रयतवारी, तिथे निस्तारपत्रक, वाजिब-उल-अर्ज ही भाषाच नाही. मसुदा लिहिणाऱ्याला म्हणता आलं असतं की हे जुन्या मध्य प्रदेशचं लचांड, कोण वापरतं, सोडून द्या. पण त्यानं सोडलं नाही. १९५४ च्या मध्य प्रदेशच्या संहितेतली ती तरतूद विदर्भापुरती म्हणून नव्या कायद्यात आणली. कलम १६१ निस्तारपत्रकाचं, कलम १६५ वाजिब-उल-अर्जाचं. तो मसुदाकार कोण, त्याला किती कळलं होतं, ते बाजूला ठेवू. स्थलांतर कसं करावं याचा हा आपल्या घरचा नमुना आहे.

त्याचं फळ चाळीस वर्षांनी दिसलं. २००६ चा वन हक्क कायदा आला, त्यात निस्तार सामूहिक हक्क म्हणून नावानिशी आला, पाण्यातली मासळीही आली. आणि पुरावा म्हणून काय चालेल? नियम १३ बघा. गॅझेटियर, बंदोबस्ताचे अहवाल, हक्कनोंदी, आणि हेही, की दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्या माणसांचं लेखी नोंदवलेलं सांगणं. म्हणजे ज्या कागदाला पन्नास वर्षं हात लागला नव्हता, तो एका सकाळी साऱ्या गावाला हवा झाला.

आता सातबारा बघा. तो एका माणसाचा असतो. त्याला कर्ज काढायचं असतं, धान सोसायटीला विकायचं असतं, भावाशी भांडायचं असतं. म्हणून तो रोज उघडला जातो, संगणकावरही तो पहिल्यांदा आला. वाजिब-उल-अर्ज गावाचा. तो कुणाच्याच रोजच्या कामाचा नाही. त्याचा 'शेवटचा वापर' हा रकाना नेहमीच जुना दिसणार! मेलबॉक्स आणि सामायिक फोल्डर यांतला फरक नेमका हाच आहे. मालक एक असला की तो भांडतो. मालक सगळे असले की यादीत रिकामी जागा दिसते, नाहीतर तो लांबलचक आकडा.

जुन्या महसुली यंत्रणेला हे थोडंफार उमगलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. आपल्याकडे कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग. 'अ' कायम ठेवायचा, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा, 'ड' वर्षभर. कागद कुठल्या वर्गात जाणार हे त्याच्या जातीवर, म्हणजे त्यातून कुणाचा हक्क सिद्ध होतो यावर ठरायचं. शेवटी कुणी कधी उघडला, यावर नव्हे. नष्ट करायलाही कायदा लागला. १९१७ साली अभिलेख नष्ट करण्याचा वेगळा कायदाच झाला. पुढे १९९३ चा केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा, मग २००५ चा महाराष्ट्राचा. १९९३ च्या कायद्यात अभिलेखाच्या व्याख्येत संगणकानं तयार केलेली सामग्रीसुद्धा आहे, आणि पंचवीस वर्षांपेक्षा जुना अभिलेख तपासणी न करता नष्ट करता येत नाही. त्या तरुण मित्राला मी पहिलं हेच सांगितलं. तुमचं कार्यालय सरकारी असेल, तर तुमचा फोल्डर हा अभिलेख आहे, त्याला तुमच्या सोयीचा नियम लागत नाही.

रेकॉर्ड रूमच्या दाराशी उभे राहा कधीतरी, जूनमध्ये, कॉलेजचे प्रवेश सुरू असताना. पोरगा बारावी झालेला, बाप सोबत, हातात पिशवी. जात पडताळणीला जुना पुरावा हवा. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा. मग शोधतात आजोबांचं नाव शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, नाहीतर कोतवाल बुकात. कोतवालानं गावातली जन्म-मृत्यूची नोंद केली तेव्हा त्याच्या डोक्यात मेडिकलचा प्रवेश नव्हता. जिथे रजिस्टर वाळवीनं खाल्लं, तिथे त्या घराचा आजोबा कागदोपत्री जन्मलाच नाही.

आता त्या तरुणाचा मूळ प्रश्न, तत्त्वज्ञानात यावर काही आहे का. आहे, आणि चांगलं हजार-बाराशे वर्षांचं आहे. आपले मीमांसक, म्हणजे कुमारिल भट्टांची परंपरा, आणि अद्वैत वेदान्ती हे 'अनुपलब्धि' नावाचं एक स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा नाही, हे मला कसं कळलं? घडा दिसला नाही यावरून. नैयायिकांना हे वेगळं प्रमाण म्हणून मान्य नाही, त्यांचं भांडण वेगळं आहे, त्यात आज जात नाही. पण एका अटीवर या सगळ्यांचा भर आहे. नुसती अनुपलब्धि चालत नाही, 'योग्य' अनुपलब्धि लागते. घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं म्हणणारा मूर्ख.

लावा ही अट त्या यादीला. 'पंधरा दिवसांत एकही हरकत आली नाही.' बरं, ज्याची हरकत असायला हवी, त्याला तो मेल पोचला होता का? ज्यानं फोल्डर केला तो निवृत्त, ज्याच्यासाठी केला तो तुमच्या कार्यालयातलाच नाही, तो साकोलीकडच्या कुठल्या गावात धान लावतोय. 'शेवटचा वापर दोन वर्षांपूर्वी.' वापर झाला असता तर दोन वर्षांत दिसलाच असता का? जो कागद पिढीतून एकदा लागतो, तो दोन वर्षांच्या खिडकीतून दिसायचा कसा? उलटीही गंमत आहे. काही यंत्रणांत सुरक्षित प्रत घेणाऱ्या प्रोग्रॅमनं नुसता स्पर्श केला तरी तारीख बदलते. म्हणजे दिसलेलाही वापर खरा असेलच असं नाही. खोली अंधारी आहे आणि आपण घडा नाही म्हणून सही करतो.

आता माझी सही. निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी ज्या कॉलेजात होतो, त्याचा मेल जुन्या सर्व्हरवरून हलवायचा होता. तीन जणांची समिती, मी सगळ्यात ज्येष्ठ. यादी पंधरा-सोळा पानांची. मी ती चहा पिता पिता वाचली. त्यात एक नाव होतं, 'एनएसएस जुने २'. मालक, आकडा. शेवटचा वापर, सात वर्षांपूर्वी. मी बरोबरची खूण केली. म्हणजे, काढून टाका.

त्या फोल्डरात काय होतं ते मला चार वर्षांनी कळलं. कळलं म्हणण्यापेक्षा आठवलं. तीन गावांचे लोक घरी आले होते, सामूहिक हक्काचे दावे करायचे म्हणून. दोघे ढीवर समाजाचे, तलावात पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे. त्यांच्यातला एक म्हणाला, "सर, तुमच्या कॉलेजची पोरं आली होती ना आमच्या गावात शिबिराला, माझा बाप त्यांच्याशी दोन दिवस बोलत होता. मालगुजाराच्या वाड्यातला कागदही त्यांनी नेला होता नकलायला. तो द्या." खरंच गेली होती पोरं. मीच पाठवली होती. तलावांची माहिती, म्हाताऱ्यांचं बोलणं लिहून घेतलेलं, आणि वाजिब-उल-अर्जाच्या काही पानांच्या नकला. पोरांनी ते सगळं टाइप करून, स्कॅन करून त्या फोल्डरात ठेवलं होतं.

अधिकृत नक्कल अर्थातच रेकॉर्ड रूममधूनच घ्यावी लागते. पण तिथे अर्ज करताना मौजा, बंदोबस्त क्रमांक, पटवारी हलका, साल हे सांगता आलं पाहिजे. नाहीतर तिथला माणूस, तो कितीही भला असो, बस्त्यांच्या डोंगरात काय शोधणार? ते आकडे आमच्या नकलेवर होते. नवीन सर्व्हरवर नकलाच नव्हत्या आणि जुनं यंत्र भंगारात गेलेलं.

एका गावाचं काम निभावलं. शिबिरातल्या एका विद्यार्थिनीनं, आता ती शिक्षिका आहे, आपली वही जपून ठेवली होती. त्यात क्रमांक मिळाले. दुसऱ्या गावाचा कागद दीड वर्ष खेटे घातल्यावर सापडला. तिसऱ्या गावाचा नाही सापडला. मी म्हटलं, वडीलधाऱ्यांचं सांगणं नोंदवू, नियमात बसतं. त्यावर तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. ज्यांना सांगता आलं असतं ते त्या मधल्या काळात गेले होते, त्याचा बापही. त्यांनी सांगितलं होतं, आम्ही लिहून घेतलं होतं, आणि लिहिलेलं आम्हीच पुसलं होतं. तो काही बोलला नाही. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

तरुण मित्राला मी एवढंच सुचवलं की यादीत आणखी एक रकाना घाला. हा फोल्डर नाहीसा झाला तर कार्यालयाबाहेरच्या कुणाचं काय जाईल? जिथे उत्तर देता येत नाही, तिथे फोल्डर आधी फक्त वाचता येईल असा करा, त्याची प्रत वेगळी काढा, नाव नीट द्या, आणि निवृत्त लोकांना फोन करा. आठशेचे पन्नास उरले तरी चालतील, पण ते पन्नास कुठले हे तारखेवरून ठरवू नका. त्यांनी सुरुवात त्यांच्या कार्यालयातल्या एका निवृत्त शिपायापासून केली म्हणे. मला ते आवडलं. कुठल्या साहेबाच्या काळात काय यायचं, हे शिपायाला ठाऊक असतं.

तिसऱ्या गावाचं अजून संपलेलं नाही. मघाशी रतनपूरचा शिलालेख सांगितला तो यासाठी. त्या तलावाचं पाणी सांडव्यावरून खालच्या दुसऱ्या गावाच्या बोडीत जातं. पाण्याची वहिवाट दोन गावांची असेल, तर खालच्या गावाच्या वाजिब-उल-अर्जात वरच्या गावाचा उल्लेख असण्याचा संभव आहे. खालच्या गावाचा बंदोबस्त क्रमांक आमच्याकडे आहे. पुढच्या सोमवारी अर्ज घेऊन जायचंय. साकोली-लाखांदूर भागातल्या श्रोत्यांपैकी कुणाच्या घरी, जुन्या पेटीत, मालगुजाराच्या वेळचे कागद असतील, अगदी वाचता येत नसतील तरी, तर व्याख्यान झाल्यावर मला भेटा. मी इथेच आहे.

प्रश्न घेऊ या.